आईच्या बोलण्याच्या फाइली

माझी नोकरी दुसऱ्यांच्या फाइलींत खोट शोधण्याची आहे. बायपासच्या बाजूला आमचं ऑफिस आहे. तिथे रोज कुठून कुठून मजकुराच्या फाइली येतात: कुणाच्या ग्राहकांची यादी, कुणाच्या गोदामातला माल, कुणाच्या विद्यार्थ्यांचे पत्ते. पुढे जाण्याआधी त्या मी लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमधून जातात. शेल स्क्रिप्ट म्हणजे फार मोठं काही नाही. संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेली कामांची यादी: ही फाइल उघड, ओळी मोज, रकाने बरोबर आहेत का बघ, नसतील तर ओरड. गेली पंधरा वर्षं मी हे करतोय, आणि नाकावर राग ठेवूनच करतोय, कारण लोक फाइली अक्षरशः कशाही पाठवतात.

सगळ्यात जास्त डोकं खातात ती अक्षरं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं, आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात ते वेगवेगळं ठरवून ठेवलंय. आता बहुतेक सगळे यूटीएफ-८ नावाच्या एकाच पद्धतीवर आलेत. तरी इंदूरजवळच्या महूचा एखादा व्यापारी त्याच्या वीस वर्षं जुन्या मशीनवरून फाइल पाठवतोच. तिच्यात मधेच असा एखादा आकडा असतो जो यूटीएफ-८ मध्ये बसत नाही, आणि आमची गाडी तिथे अडते. पूर्वी मी अशा फाइली सरळ परत पाठवायचो. मग साहेब म्हणाले, "यार, एका कॉमासाठी अख्खी फाइल काय रोकून धरतोस?" म्हणून मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. आयकॉन्व्ह नावाची एक आज्ञा असते, अक्षरं एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेणारी. तिला शेजारी मायनस सी जोडलं की तिला जे ओळखता येत नाही ते ती गुपचूप टाकून देते. तक्रार करत नाही, जागा रिकामी सोडत नाही. साफ केलेली फाइल मूळ फाइलीच्या जागी बसते, मग तपासणी होते आणि साहजिकच शून्य चुका निघतात. ऑफिसात हे खपून जायचं. जायचं ते एखादं वाकडं अवतरणचिन्ह, आणि मूळ फाइल पाठवणाऱ्याकडे असायचीच. एक फोन केला की परत यायची.

हीच स्क्रिप्ट मी माझ्या आईच्या फाइलींवर चालवली.

आईने छत्रीबागेजवळच्या एका छापखान्यात बावीस वर्षं कंपोझिंग केलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, तेराव्याची कार्डं, मराठी समाजाच्या कार्यक्रमांची पत्रकं. इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी लग्नं तिच्या बोटांखालून गेली असं ती म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. त्या काळी मराठी टाइप करायला छापखान्याचा खास फॉन्ट असायचा. फॉन्ट करणाऱ्याने इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं नेऊन बसवलेली. साधी अक्षरं नेहमीच्या घरांत बसली. मग घरं संपली, तेव्हा उकार, अनुस्वार, अर्धी अक्षरं, रफार, शिवाय भ, ध, श अशी काही पूर्ण अक्षरं, ही सगळी मंडळी इंग्रजीच्याही पलीकडच्या वरच्या घरांत गेली. फॉन्ट असला की पडद्यावर झकास मराठी दिसायची. नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आईला ही सगळी घरं पाठ होती. कुठली कळ दाबली की काय उमटतं हे तिला सांगता आलं नसतं, पण तिची बोटं कधी चुकली नाहीत.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. ती घरी आली तेव्हा गळ्यावर एक भोक होतं आणि त्यावर जाळीचा तुकडा. माझी आई बडबडी होती. भाजीवाल्याशी अर्धा तास, शेजारणीशी एक तास, आणि कुणी नसलं तर कुकरशी. ती बाई एका दिवसात गप्प झाली.

आम्ही तिला पाटी आणून दिली. दोन दिवसांत तिने ती कपाटावर टाकली. मी मोबाइलवर मराठी कीबोर्ड घालून दिला. त्यावर तिची बोटं अडखळायची, एक शब्द लिहायला मिनिट लागायचं आणि ती वैतागून मोबाइल उशीखाली सरकवायची. मग एका सकाळी ती उठली आणि तिने घरातला जुना संगणक सुरू केला. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तिला तो देऊन टाकला होता. तिने नोटपॅड उघडलं, तिचा जुना फॉन्ट लावला, अक्षरं बोराएवढी मोठी केली आणि खडखडत टाइप केलं: "चहा कुणी केलाय? साखर नाही त्यात." बाबा चहाचा कप हातात घेऊन मागे उभे होते. ते हसले आणि मग रडायलाच लागले, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर दीड वर्ष त्या दोघांचं बोलणं असंच चाललं. बाबा शेजारी स्टुलावर बसायचे आणि तोंडाने बोलायचे. आई टाइप करायची. त्यामुळे फाइलींत फक्त तिचीच बाजू आहे. ती दिवस संपला की खिडकी बंद करून टाकायची, तिला त्यात ठेवण्यासारखं काही वाटायचं नाही. पण बाबा रेल्वेत कारकून होते, आणि लिहिलेला कागद फेकायचा नाही हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी सेव्ह करायला शिकून घेतलं. रोजची एक फाइल, नाव म्हणून तारीख. "हिचं बोलणं मी कचऱ्यात नाही जाऊ देणार," असं ते म्हणायचे.

मी अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला राहतो. तिथून छत्रीबाग स्कूटरने पंधरा मिनिटं. मी रविवारी जायचो. आता जे लिहितोय ते लिहिताना मला माझी लाज वाटते, पण लिहितो. आई टाइप करत असताना मागे उभं राहणं मला सहन व्हायचं नाही. तिचा वेग चांगला होता, तरी बोलण्यापेक्षा टाइप करायला वेळ लागतोच. अर्धं वाक्य पडद्यावर आलं की मी म्हणायचो, "हां हां, कळलं, गॅसवाल्याला फोन करायचा, करतो." ती थांबायची. कधी कधी तिला गॅसवाल्याचं म्हणायचंच नसायचं. मग ती लिहिलेलं पुसायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची, की हो, तेच. आठवडाभर मी अडलेल्या फाइलींना शिव्या घालायचो, आणि रविवारी तिच्याकडे गेल्यावर माझी आई मला एक अडलेली फाइल वाटायची. ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील.

ती गेल्यावर बाबा काही महिने त्या संगणकासमोर बसायचे. फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची, दुसरी उघडायची. मग संगणकच कुरकुरायला लागला. पंखा घरघर करायचा, पडदा मधेच काळा व्हायचा. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते मला म्हणाले, "बेटा, तू तर याच कामात आहेस. हिचं सगळं बोलणं मला मोठ्या अक्षरांत छापून आणून दे. जिल्द-बिल्द बांधून. मग ही मशीन मेली तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

एका शनिवारी सकाळी मी लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या, चारशेच्या वर होत्या. जुन्या डिस्कचा भरवसा नव्हता, एखादी फाइल अर्धवट उतरली असेल तर कळायला हवं, म्हणून तपासून घ्यावं असं ठरवलं. तपासायचं म्हणजे माझ्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. मी ऑफिसची स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवर चालवली. ओळी सरसर वर गेल्या. प्रत्येक तारखेपुढे ठीक, ठीक, ठीक. शेवटी शून्य चुका. दोन-चार फाइली उघडूनही पाहिल्या. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे इंग्रजीची खिचडी दिसली. ती दिसणारच होती. आधी खिचडी, नंतरही खिचडी, फरक कुणाला कळणार? "बाबा, सगळं बरोबर उतरलंय," मी म्हटलं. फॉन्ट नंतर कुठूनतरी आणू, असा विचार केला; त्याच मशीनमधून तो उतरवून घ्यायचं डोक्यात आलं नाही.

जुनं मशीन संध्याकाळी कबाडीवाल्याला द्यायचं होतं, तेव्हा मी माझ्या पेशाची दुसरी शिस्त पाळली. ऑफिसात कुठलंही मशीन बाहेर द्यायचं तर आधी त्याची डिस्क कोरी करायची, तीही नुसती पुसून नाही, वरून शून्यं लिहून, म्हणजे कुणाला काही परत काढता येऊ नये. दुपारभर ते चाललं होतं. बाबा म्हणाले, "एवढं काय करतोयस? कबाडीवालाच तर आहे." मी त्यांना समजावून सांगितलं की आईचं बोलणं कुणा परक्याच्या हातात पडायला नको. त्यांना ते पटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं तू आहेस." संध्याकाळी कबाडीवाला मशीन घेऊन गेला.

मग तीन महिने मी ते काम तसंच ठेवलं. ऑफिस, मुलीची परीक्षा, हे आणि ते. बाबा दर रविवारी विचारायचे, "झालं का रे?" आणि मी म्हणायचो, "होतंय." शेवटी एका दुपारी मी आईच्या छापखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. राजवाड्याच्या मागे त्यांचं आता स्वतःचं डीटीपीचं दुकान आहे. हिंदी माणूस, पण मराठी कंपोझिंग आईकडेच शिकलेले, आणि तिला भाभीजी म्हणायचे. त्यांच्याकडे तो फॉन्ट अजून होता. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, एक फाइल उघडली, फॉन्ट चढवला. खिचडी नाहीशी झाली आणि मराठी आली. ते पडद्याजवळ वाकले.

"भिया, इसमें तो आधे अक्षर ही नहीं हैं."

"म्हणजे? फॉन्ट दुसरा असेल."

"फॉन्ट यही है. ये देखो, मात्रा है, काना है, पर एक भी उकार नहीं, अनुस्वार नहीं, आधा अक्षर नहीं. भाभीजी ऐसा नहीं लिखती थीं. उनकी तो एक बिंदी नहीं छूटती थी."

पडद्यावर लिहिलं होतं: "पखा बद करन दे." खाली: "पोटात दखतय." त्याच्या खाली: "डॉटर काय हणाले."

मला एका क्षणात सगळं कळलं, कारण हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. वरच्या घरांत बसलेली आईची सगळी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये न बसणारी होती. माझ्या ओळीने ती एकेक उचलून फेकली आणि उरलेली एकमेकांना चिकटवून दिली. प्रश्नचिन्ह राहिलं असतं, एखादा चौकोन राहिला असता, तर इथे काहीतरी होतं एवढं तरी कळलं असतं. आणि मी चुका मोजल्या त्या साफ केल्यानंतर. शून्य निघणारच होतं. आईची निम्मी अक्षरं मी चूक म्हणून काढून टाकली होती.

त्यांनी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. "ओरिजिनल होगी ना घर पे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं.

तरी मी कबाडीवाल्याला शोधलं. त्याने त्याच आठवड्यात मशीन फोडून पार्ट विकले होते. डिस्क मिळाली असती तरी उपयोग नव्हता, तिच्यावर शून्यं लिहिणारा मीच. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना नका सांगू, काहीतरी जुळवून छापून द्या." मला वाटलंही होतं तसं करावं. पण बाबांना आईची भाषा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, पहिल्याच पानावर त्यांनी मला पकडलं असतं.

रविवारी मी त्यांना सांगितलं. त्यांना बाइट आणि फॉन्ट समजावून सांगायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "तुझ्या हातून झालं?"

"हो."

"मशीनच्या चुकीने नाही?"

"नाही. मशीनने मी सांगितलं तेच केलं."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली नदीकडच्या गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, ते बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवंच होतं. ओरडले असते तर मी जरा सुटलो असतो. ते वळले आणि म्हणाले, "काय उरलंय ते दाखव."

तेव्हापासून रविवारच्या सकाळी आमचं हे काम सुरू झालं. मी उरलेला मजकूर मोठ्या अक्षरांत छापून न्यायचो, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. बाबा चष्मा लावून, वर भिंग धरून एकेक ओळ वाचायचे आणि शाईच्या पेनने पूर्ण करायचे. निम्म्याहून जास्त ओळी सहज लागायच्या. "सजी काय आणली" म्हणजे सब्जी काय आणली. "त जेवलास का" म्हणजे तू जेवलास का. पण मोठी वाक्यं अडायची. तिथे बाबा डोळे मिटून त्या दिवशी आपण काय बोललो होतो ते आठवायचे, कारण बोलण्याची दुसरी बाजू त्यांच्याकडे होती. "थांब, त्या दिवशी मी तिला तिच्या माहेरच्या आंब्याचं विचारलं होतं," असं म्हणून ते पुढचं लिहायचे. कधी बरोबर असायचं. कधी मला कळायचं की ते बरोबर नाही.

एका फाइलीत एवढंच उरलं होतं: "मला आता", मग एक सुटा काना, मग "वाटत". बाबांनी जरा विचार केला आणि मधे लिहिलं: बरं. मला आता बरं वाटतं. ती तारीख मला ठाऊक होती. त्या आठवड्यात तिला सलाइन लावून ठेवलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची, दिवसातून एकदाच उठून टाइप करायची. शिवाय ब आणि र ही साधी अक्षरं होती. ती माझ्या स्क्रिप्टने टाकली नसती. तिने बरं लिहिलं असतं तर ते कागदावर असतं. हे जगात फक्त मला सांगता आलं असतं. मी गप्प बसलो. बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि समाधानाने पान उलटलं. तिला त्या दिवशी काय वाटत होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

काम संथ चाललं होतं. बाबांचे डोळे तासाभरात पाणावायचे, आणि त्याच त्याच ओळी त्यांना पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागायच्या. मला एक युक्ती सुचली. सगळ्या फाइलींतल्या ओळी एकत्र करायच्या, सारख्या ओळी शेजारी लावायच्या, कुठली किती वेळा आली ते मोजायचं आणि जास्त वेळा आलेली वर ठेवायची. शेलमध्ये हे एका ओळीचं काम. मग बाबांनी एक ओळ एकदाच पूर्ण करायची आणि ती सगळीकडे बदलायची. या वेळी मात्र मी आधी तीन ठिकाणी प्रती काढून ठेवल्या.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते चालवलं. सगळ्यात वर आली "चहा", नुसता एक शब्द. तिच्या खालोखाल एक पूर्ण वाक्य होतं. त्याला दुरुस्तीची गरजच नव्हती. सगळी साधी अक्षरं, एकही वरच्या घरातलं नाही, त्यामुळे माझ्या हातून ते जसंच्या तसं वाचलं होतं: "नको. तो कामात असेल."

"पाणी दे"पेक्षा ते वर होतं. औषधापेक्षा, दुखण्यापेक्षा वर होतं. डबा उघडा तसाच राहिला.

रविवारी मी बाबांना विचारलं, "हे कशाचं उत्तर आहे?" त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"असंच काहीतरी."

"बाबा."

"मी विचारायचो तिला. दुपारी ती खिडकीकडे बघत बसायची ना, तेव्हा. म्हणायचो, फोन करून बोलावून घेऊ का त्याला? तर हे." मग घाईने म्हणाले, "त्यात काय एवढं. तू कामात असायचासच. मीच तिला सांगायचो की तिकडे फार प्रेशर आहे म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "या ओळी काढून टाक. छापल्या तर कुणी वाचून तुझ्याबद्दल भलतंच समजायचं. तुला तर एका झटक्यात काढता येतील."

येतील. एका आज्ञेत येतील. मी म्हटलं, आता एक अक्षरही काढणार नाही.

मी लॅपटॉपवर त्या ओळीच्या तारखा काढल्या. कुठल्या तारखेला मी कुठे होतो ते आठवत गेलो. बरेच दिवस मी खरंच ऑफिसात होतो, चिडलेला, दुसऱ्यांच्या फाइलींत मान घातलेला. काही दिवस नव्हतो. काही दिवस पंधरा मिनिटांच्या अंतरावर घरी लोळत होतो आणि बाबांचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचो. तिच्या मागे उभं राहून ती हळूहळू उमटणारी वाक्यं बघायला नकोत म्हणून. तिला ते कळत नसेल, अशी माझी समजूत होती.

तारखांमध्ये एक तारीख रंगपंचमीची होती. रंगपंचमीला इंदुरात कुणी कामात नसतं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, सगळं शहर रंगात असतं, ऑफिसं, बँका, दुकानं सगळं बंद. आईने सगळं आयुष्य याच शहरात काढलेलं, आणि गेरचा आवाज तर तिच्या खिडकीतून ऐकू यायचा. मी त्या दिवशी घरी झोपलो होतो.

मी ती तारीख बाबांना दाखवली. त्यांनी भिंग धरून ती वाचली. मग म्हणाले, "तेव्हा मी म्हटलं होतं तिला, अगं आज कसलं काम, आज तर अख्खं शहर बंद आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत तेच टाइप केलं."

त्या दिवशीच्या फाइलीत ती ओळ दोनदा आहे.